माझ्या लॅपटॉपवर तर नीट दिसतंय! सीएसएस लेआउट दुसऱ्या ब्राउझरमध्ये फाटला तर काय करायचं

मागे एका खानावळवाल्या काकूंसाठी मी एका पानाची साइट केली होती. वर फोटो, मधे नाश्ता, थाळी आणि पार्सल अशी तीन कार्डं, तळाशी केशरी 'ऑर्डर द्या' बटण, बस एवढंच. रात्री दोनपर्यंत बसून क्रोममध्ये सगळं जागच्या जागी बसवलं, लिंक पाठवली आणि झोपले. सकाळी काकूंचा फोन, "अगं, बटण कुठाय?" काकू त्यांच्या मुलाच्या आयफोनवर बघत होत्या. तोवर काकांनी त्यांच्या जुन्या अँड्रॉइडवर उघडलं तर तिन्ही कार्डं एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्या भाच्याने ऑफिसात विंडोज १० वर फायरफॉक्समध्ये बघितलं तर अख्खं पान आडवं सरकतंय. मी तेच बोलले जे सगळे बोलतात, माझ्या लॅपटॉपवर तर नीट दिसतंय!

त्या दिवशी माझे पाच तास गेले, कारण मी तिन्ही गोष्टी एकदम दुरुस्त करायला बसले आणि मधेमधे ब्राउझरला शिव्या घालत राहिले. शेवटी तिन्हींत चूक माझीच निघाली. मी काहीतरी अर्धवट सांगितलं होतं आणि उरलेलं प्रत्येक ब्राउझरने आपापल्या समजुतीने भरून घेतलं होतं. आता असं काही आलं की मी ठरलेल्या क्रमाने जाते, तोच क्रम खाली लिहितेय. नुकतंच शिकायला लागलेल्यांसाठी आहे, फ्लेक्स आणि ग्रिड काय असतं एवढं साधारण माहीत असलं तरी पुरे. प्रॉपर्टींची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत, फाइलमध्ये टाकताना अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

आधी कोडला हात लावू नका

"बिघडलंय" एवढ्यावरून काही कळत नाही. विचारा: फोन कुठला, ब्राउझर कुठला, त्याचं व्हर्जन किती, फोन उभा धरला होता का आडवा, आणि लिंक थेट ब्राउझरमध्ये उघडली का इन्स्टाग्राम-फेसबुकच्या आतल्या आत उघडली, कारण त्या ॲपमधल्या खिडकीची उंचीच वेगळी असते. पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट मागवा, कापलेला नको. वरखालचे बार त्यात दिसले की बऱ्याचदा अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

मग आपल्या बाजूचे फालतू संशय आधी मिटवून टाका. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून पान कॅशशिवाय लोड करा, जुनी सीएसएस फाइल बघत बसून डोकं फोडून घेतल्याचे प्रसंग प्रत्येकाच्या नशिबी एकदा तरी येतात. कंट्रोल आणि शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा. इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा, कारण एक्स्टेन्शन्स पण गोंधळ घालतात, उदाहरणार्थ तुम्ही एखाद्या डिव्हला 'ॲड-बॅनर' असा क्लास दिलात तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तो खुशाल गायब करतं आणि तुम्ही डिस्प्ले आणि झेड-इंडेक्स तपासत बसता. विंडोजवर डिस्प्ले स्केलिंगही बघा. १९२० पिक्सेलचा स्क्रीन १२५ टक्क्यांवर ठेवला असेल तर सीएसएसच्या हिशोबाने तो १५३६ पिक्सेलचाच आहे, म्हणजे तुमची मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार नियम बदलणारा भाग) वेगळीच लागू होऊ शकते आणि त्यात ब्राउझरचा काही संबंध नसतो.

ब्राउझर पन्नास, इंजिनं तीन

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम हलकं होतं. इंजिन म्हणजे ब्राउझरच्या आतला, कोड वाचून पान मांडणारा भाग. क्रोम, एज, ओपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंक इंजिनवर चालतात (एज जानेवारी २०२० पासून, त्याआधीचं एज वेगळं होतं). फायरफॉक्सचं इंजिन गेको. सफारीचं वेबकिट. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालंय, त्यामुळे दोघांत घराणं एकच असल्यासारखं साम्य आहे, पण तेव्हापासून संसार वेगळे.

आता गंमत म्हणजे आयफोनवर तुम्ही क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स टाका, आत वेबकिटच असतं. युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून ॲपलने दुसऱ्या इंजिनांना वाट दिलीय, पण आपल्याकडच्या आयफोनवर वेबकिटच धरून चला. म्हणून कुणी "आयफोनवर क्रोममध्ये बिघडलंय" म्हणालं तर तुमच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये शोधण्यात अर्थ नाही, ती वेबकिटची तक्रार आहे. आणि एकच बिघाड आयफोनच्या सफारीत आणि आयफोनच्या क्रोममध्ये दिसला तर ते दोन प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे.

दुसरी बाजू व्हर्जनची. क्रोम आणि फायरफॉक्स आपापले अपडेट होतात, आयफोनची सफारी मात्र फोनच्या सिस्टिमबरोबर येते, त्यामुळे ज्या जुन्या आयफोनला नवीन सिस्टिम मिळणं बंद झालंय तो जुन्या सफारीवरच अडकतो. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निरोप दिला, त्याच्यासाठी रात्री जागवू नका, एखाद्या ग्राहकाने स्पष्ट मागितलं तर जास्तीचे पैसे सांगा! जिओफोनवाले वापरणारे असतील तर मात्र जरा विचार करा, त्यातल्या कायओएस २.५ मध्ये गेको ४८ आहे आणि ग्रिड फायरफॉक्समध्ये आलं ५२ व्या व्हर्जनला, मार्च २०१७ मध्ये. म्हणजे तिथं ग्रिड नाहीच.

पाच मिनिटांची तपासणी

फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप आहे का बघा. नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या पानांसाठी राखून ठेवलेल्या जुन्या नियमांनी पान मांडतो, आणि मग उंची, टेबलातले फॉन्ट असल्या गोष्टी पुस्तकात लिहिल्यासारख्या वागत नाहीत. खात्री करायची तर ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या (पान तपासायच्या पॅनेलमधल्या) कन्सोलमध्ये डॉक्युमेंट-डॉट-कॉम्पॅटमोड लिहून एंटर मारा. 'सीएसएस१कॉम्पॅट' आलं तर ठीक, 'बॅककॉम्पॅट' आलं तर चोर सापडला.

मग व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर समजतो की हे डेस्कटॉपचं पान आहे, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग आकसून दाखवतो, सगळं मुंगीएवढं. लोक फॉन्ट साइज वाढवत बसतात, अहो तो टॅग टाका आधी.

शेवटी डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये एचटीएमएल आणि सीएसएस दोन्ही टाका. बंद न केलेला डिव्ह, विसरलेला महिरपी कंस, सुटलेला अर्धविराम, हे ब्राउझर तुम्हाला ओरडून सांगत नाही, तो मुकाट्याने पुढे जातो आणि त्या ओळी सोडून देतो. मला स्वतःला एकदा एका सुटलेल्या कंसाने पूर्ण दुपार खाल्ली होती.

मॅक नाही, आयफोन नाही, मग सफारी कुठं बघू?

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये फोनचं चित्र असलेलं बटण दाबून आयफोन निवडला की आयफोन झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. ते फक्त स्क्रीनचा आकार, टच आणि ओळख बदलतं, इंजिन ब्लिंकच राहतं. रुंदी तपासायला उत्तम, सफारीचं वागणं तपासायला शून्य.

लिनक्सवर असाल तर ग्नोमचा एपिफनी ब्राउझर टाका, तो वेबकिटवर चालतो. विंडोजवर असाल तर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून प्लेराइट हे ब्राउझर तपासायचं टूल घ्या, त्यात वेबकिट इंजिन वेगळं उतरवता येतं आणि 'एनपीएक्स प्लेराइट डब्ल्यूके' आणि पुढे पत्ता असं टर्मिनलमध्ये टाकलं की वेबकिटची खिडकी उघडते. फुकट आहे. हे आयफोनच्या सफारीसारखं शंभर टक्के नसतं, ॲड्रेस बार आत-बाहेर होणं, नॉच, कीबोर्ड वर येणं या गोष्टी त्यात दिसणार नाहीत, पण लेआउटचे बहुतेक बिघाड इथंच पकडले जातात.

खरा फोन शेवटी लागतोच. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवा, लोकल सर्व्हर सगळ्या नेटवर्कसाठी उघडा करा आणि फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता टाका. अँड्रॉइड असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडलं की फोनवरचं पान लॅपटॉपवरून तपासता येतं, केबल मात्र डेटावाली हवी, नुसतं चार्जिंग करणारी चालत नाही. आयफोनसाठी ॲपलची अशी सोय हवी तर मॅक लागतो. नसला तर शेजाऱ्याचा आयफोन, चहा आणि पाच मिनिटं.

बिघाड कुठून सुरू होतो ते शोधायचं

नवीन माणूस इथं चुकतो, दिसलं काही की लगेच मार्जिनमध्ये उणे आकडा टाकून ढकलायला जातो. तसं एका ब्राउझरमध्ये बसतं आणि दुसऱ्यात फाटतं. आधी जागा शोधा.

स्टार सिलेक्टरला (तो पानातल्या प्रत्येक एलिमेंटला लागू होतो) एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बॉर्डर देऊ नका, बॉर्डर जागा खाते आणि लेआउटच बदलतो, आउटलाइन जागा घेत नाही. लगेच कळतं कुठला डबा बापाच्या, म्हणजे त्याला पोटात घेणाऱ्या डब्याच्या, बाहेर पाय काढतोय.

मग दोन्ही ब्राउझर शेजारी-शेजारी उघडा, दोन्हीत तोच एलिमेंट इन्स्पेक्ट करा आणि 'कम्प्युटेड' टॅबमध्ये रुंदी, उंची, पॅडिंग, फॉन्ट साइज, लाइन-हाइट यांचे आकडे ताडून बघा. आकडे वेगळे असले की एक पायरी वर चढा, त्याच्या आईबापाचे आकडे बघा, ते पण वेगळे असले की अजून वर. जिथं दोन्हीकडचे आकडे जुळतात तिथं थांबा, त्या एलिमेंटच्या आणि त्याच्या खालच्या मुलाच्या मधेच गडबड आहे. मला ही युक्ती माहीत असती तर काकूंच्या पानावर पाचातले चार तास वाचले असते, खरं सांगते.

आकड्यांवरूनही नाही सापडलं तर निम्मं-निम्मं करत जा. इन्स्पेक्टरमध्येच पानाचा अर्धा भाग डिलीट करा (फाइलमधून नाही, रिफ्रेश केलं की परत येतो), बिघाड गेला का? गेला असेल तर त्या अर्ध्यात होता, राहिला तर उरलेल्यात. पुन्हा अर्धं. सहा-सात वेळा केलं की भलंमोठं पानही एका एलिमेंटवर येतं. पान आडवं सरकत असेल तेव्हा तर याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

स्टाइल्सच्या पॅनेलमध्ये खोडलेल्या ओळी दिसतात, त्यातला फरक ओळखायला शिका. नुसती खोडलेली म्हणजे दुसऱ्या नियमाने ती हरवली. खोडलेली आणि शेजारी पिवळा त्रिकोण म्हणजे ब्राउझरला ती ओळ समजलीच नाही, एकतर स्पेलिंग चुकलंय किंवा या व्हर्जनमध्ये ते फीचर नाही. फायरफॉक्स याहून एक पाऊल पुढे जातो (आता क्रोमही असे काही इशारे देतो), ओळ बरोबर आहे पण इथं तिचा काही उपयोग नाही (म्हणजे इनलाइन स्पॅनला रुंदी देणं वगैरे) तर ती फिकी करतो आणि माहितीच्या चिन्हावर माउस नेला की कारण सांगतो. याच गोष्टीच्या सवयीने मी लेआउट शोधताना फायरफॉक्स उघडते, क्रोम कितीही आवडत असला तरी.

काकूंचं बटण, काकांची कार्डं, भाच्याचं पान

काकूंचं बटण गेलं कुठं? मी मुख्य डब्याला हाइट १०० व्हीएच दिली होती, ओव्हरफ्लो हिडन केलं होतं आणि बटण तळाशी बसवलं होतं. मोबाइलवर १०० व्हीएच म्हणजे ॲड्रेस बार लपलेला असताना जेवढी उंची मिळेल तेवढी. पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा बार दिसत असतो, म्हणजे डबा दिसणाऱ्या भागापेक्षा उंच, आणि तळाचं बटण काठाच्या खाली. हे अँड्रॉइडच्या क्रोममध्येही असंच होतं बरं का, काकांच्या फोनवरही बटण गेलेलंच होतं, चिकटलेल्या कार्डांच्या नादात त्यांचं लक्ष गेलं नाही एवढंच. उपाय दोन ओळींचा: आधी मिन-हाइट १०० व्हीएच, त्याच्या खालच्या ओळीत मिन-हाइट १०० डीव्हीएच. डीव्हीएच हे बार आत-बाहेर झाला तसं बदलतं, सफारीत १५.४ पासून आणि क्रोममध्ये १०८ पासून आहे, दोन्ही २०२२ मधले. जुना ब्राउझर दुसरी ओळ न समजून सोडून देतो आणि पहिलीवर भागवतो. आणि ओव्हरफ्लो हिडन काढून टाका हो, ते लावून लपवलेलं काहीतरी नेहमी नंतर अंगावर येतं.

काकांची कार्डं चिकटली कारण मी फ्लेक्समध्ये गॅप वापरला होता. ग्रिडमधला गॅप जुना आहे, फ्लेक्समधला मात्र क्रोममध्ये ८४ व्या व्हर्जनला (२०२०) आणि सफारीत १४.१ ला (२०२१) आला. काकांच्या फोनवर क्रोम कित्येक वर्षं अपडेटच केलेला नव्हता. इथं एक खाच आहे: ॲट-सपोर्ट्सने (एखादं फीचर ब्राउझरला येतं का ते विचारणारा सीएसएसचा नियम) 'गॅप आहे का' असं विचारलं तर ते जुने क्रोम 'हो' म्हणतात, कारण ग्रिडसाठी ते त्यांना येतं! म्हणून असल्या फोनसाठी एकतर कार्डांना मार्जिन द्या किंवा सरळ ग्रिड वापरा. मी ग्रिड केलं, तीन कार्डांसाठी तसंही तेच योग्य होतं.

भाच्याचं पान सगळ्यात फसवं. तो म्हणाला फायरफॉक्सचा प्रॉब्लेम आहे, मीही मान डोलावली, आणि दीड तास फायरफॉक्समध्ये शोधत बसले. मग सहज तेच पान लॅपटॉपच्या क्रोममध्ये, मोबाइल व्ह्यू बंद करून, खिडकी बुटकी करून बघितलं तर तिथंही सरकतंय! वरच्या फोटोला मी रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, दिली होती. विंडोज १० वर उभा स्क्रोलबार जागा घेतो, साधारण १५ ते १७ पिक्सेल, पण १०० व्हीडब्ल्यूमध्ये ती जागाही मोजली जाते, म्हणजे फोटो दिसणाऱ्या रुंदीपेक्षा तेवढाच जास्त रुंद. मोबाइलवर आणि मॅकवरही सहसा स्क्रोलबार पानाच्या वर तरंगतो, जागा खात नाही, आणि क्रोमच्या मोबाइल व्ह्यूमध्येही तसाच तरंगतो, म्हणून मला रात्रभरात एकदाही दिसलं नाही. १०० व्हीडब्ल्यूच्या जागी १०० टक्के केलं, संपलं.

बाकी नेहमीची मंडळी

बॉक्स-सायझिंग. मूळ नियम असा की रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची, पॅडिंग आणि बॉर्डर वरून. रुंदी १०० टक्के, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग आणि एक पिक्सेल बॉर्डर दिली की डबा ४२ पिक्सेल बाहेर. त्यातही बटण आणि सिलेक्टचा हिशोब ब्राउझर आधीपासूनच बॉर्डर-बॉक्सने करतात आणि साध्या टेक्स्ट इनपुटचा कंटेंट-बॉक्सने, म्हणून शेजारी ठेवलेलं इनपुट आणि बटण एका मापाचं होत नाही. स्टाइलशीटच्या सुरुवातीलाच सगळ्यांना बॉर्डर-बॉक्स करून टाका.

ब्राउझरची स्वतःची स्टाइलशीट असते हेही लक्षात असू द्या. बॉडीला ८ पिक्सेल मार्जिन, हेडिंगांना वरखाली जागा, फॉर्मच्या गोष्टींना सिस्टिमचा फॉन्ट. यासाठी छोटा रिसेट (ही आधीची मापं पुसणारे दोन-चार नियम) ठेवा आणि इनपुट, बटण, सिलेक्ट, टेक्स्टएरिया यांना फॉन्ट: इनहेरिट लिहा. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोन त्यावर टॅप केल्यावर पान झूम करतो आणि लोकांना वाटतं लेआउट फाटला. १६ करा, झूम थांबतो. मेटा टॅगमध्ये झूमच बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ज्यांना बारीक दिसत नाही त्यांनी काय करायचं?

फ्लेक्समधलं मूल आकसत नसेल, मोठा फोटो किंवा लांबलचक लिंक सगळ्यांना बाहेर ढकलत असेल तर त्या मुलाला मिन-विड्थ: ० द्या. फ्लेक्सच्या मुलाची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या मजकुरापेक्षा लहान व्हायला ते तयार नसतं. आत लांब शब्द असेल तर ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर पण लावा. हा एकच नियम माहीत नसल्यामुळे लोक किती वैतागतात याला सुमार नाही.

फोटोखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसते ती पॅडिंगची नसते, इमेज अक्षरासारखी ओळीत बसलेली असते आणि खाली उकारांसाठी सोडलेली जागा दिसते. डिस्प्ले: ब्लॉक. फोटो चपटा किंवा ताणलेला दिसला तर तो बहुतेक फ्लेक्समध्ये थेट मूल आहे आणि उंचीला ताणला जातोय, त्याला अलाइन-सेल्फ: स्टार्ट द्या किंवा एका डिव्हमध्ये गुंडाळा.

पोझिशन स्टिकी चालत नसेल तर वरच्या सगळ्या पिढ्यांमध्ये कुणाला ओव्हरफ्लो हिडन, ऑटो किंवा स्क्रोल आहे का शोधा, आणि टॉप दिलाय का तेही बघा. उंची टक्क्यांत दिलीय आणि काहीच होत नाही? बापाला ठरलेली उंची नाहीये.

मराठी मजकूर असला की

हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही म्हणून जरा सविस्तर. बाहेरच्या टेम्प्लेटमध्ये मॉन्टसेरातसारखा फॉन्ट असतो, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, मग प्रत्येक सिस्टिम आपल्या पोतडीतून फॉन्ट काढते: विंडोज निर्मला यूआय, अँड्रॉइड नोटो, ॲपल कोहिनूर. तिघांची रुंदी वेगळी, उंची वेगळी, आणि लाइन-हाइट नॉर्मल ठेवली असेल तर ओळीची उंची फॉन्टवरूनच ठरते, त्यामुळे तेच कार्ड तीन ठिकाणी तीन उंचीचं. 'पिठलं-भाकरी' एका फोनवर एका ओळीत आणि दुसऱ्यावर दोन ओळींत. ब्राउझरचा बिघाड वाटतो, असतो फॉन्टचा. देवनागरी असलेला वेबफॉन्ट स्वतः लोड करा, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि मजकुराला छान चालतो.

लाइन-हाइट इंग्रजीच्या हिशोबाने १ किंवा १.१ ठेवलेली असते. आपल्याकडे 'मिर्ची'च्या डोक्यावर रफार आणि वेलांटी, 'लाडू'च्या पायाशी ऊकार. ओव्हरफ्लो हिडन असलेल्या शीर्षकात वरची वेलांटी छाटली जाते, खालचा उकार अर्धा जातो, आणि दोन ओळींनंतर तीन टिंबं दाखवणाऱ्या कार्डात तर हमखास. मजकुराला १.६ च्या आसपास आणि शीर्षकांना १.३ च्या खाली नको, आणि आकडा एककाशिवाय लिहा म्हणजे फॉन्ट साइजबरोबर वाढतो.

लेटर-स्पेसिंग काढून टाका, पूर्ण काढा. इंग्रजी शीर्षक त्याने ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. आणि एचटीएमएल टॅगला भाषा म्हणून मराठीचा कोड, एमआर, लिहा, काही फॉन्टमध्ये त्यामुळे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. आवडतं मला ते.

बटणांना पक्की रुंदी देऊ नका. 'बाय' या तीन रोमन अक्षरांसाठी आखलेल्या ८० पिक्सेलच्या बटणात 'ऑर्डर द्या' कुठून मावणार? पॅडिंग द्या, रुंदी त्याची ते ठरवू दे.

नवीन फीचर वापरायचंच असेल तर

आधी 'कॅन आय यूज' किंवा 'एमडीएन' या साइटवर बघा कुठल्या व्हर्जनपासून आहे. मग जुनी, सगळ्यांना कळणारी ओळ आधी आणि नवीन ओळ नंतर. एकाहून जास्त ओळी बदलायच्या असतील तर ॲट-सपोर्ट्सच्या आत ठेवा. प्रॉपर्टीच्या नावाआधी लावायचे वेबकिट, मॉझ असले प्रिफिक्स हाताने लिहीत बसू नका, ऑटोप्रिफिक्सर नावाचं टूल ते करतं, आणि कुठल्या तरी जुन्या उत्तरातून उचललेले दहा प्रिफिक्स बहुतेक आता लागतच नाहीत. ब्राउझरचं नाव ओळखून 'सफारी असेल तर हे' असला कोड तर लिहूच नका, आयफोनवरचा क्रोम आठवा जरा.

एका वेळी एकच बदल

एक दुरुस्ती करा, तिन्ही इंजिनांत बघा, गिटमध्ये कमिट करा, मग पुढची. विचित्र दिसणाऱ्या ओळीच्या शेजारी कमेंटमध्ये कारण लिहा, 'आयफोनवर बटण खाली जातं म्हणून', नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच ती ओळ कचरा समजून उडवाल. मी उडवलीय.

सगळं करून खरंच ब्राउझरचीच चूक वाटली तर वीस-पंचवीस ओळींचं एक वेगळं पान करा ज्यात फक्त तो बिघाड दिसतो, बाकी काही नाही. दहातल्या आठ वेळा हे पान करतानाच आपली चूक सापडते आणि तिथंच काम संपतं. उरलेल्या दोन वेळा मोझिलाच्या (फायरफॉक्सवाल्यांच्या) किंवा वेबकिटच्या बगझिलावर नाहीतर क्रोमियमच्या (क्रोमच्या मूळ प्रोजेक्टच्या) इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे चुका नोंदवायच्या त्यांच्या साइटवर, आधी शोधा, कुणीतरी नोंदवलेलं असतं आणि खाली तात्पुरता उपायही लिहिलेला असतो. नसेल तर ते छोटं पान, व्हर्जन, सिस्टिम, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय एवढं लिहून टाका, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पान चालू स्थितीत हवं.